श्रावणातील दक्षिणेपासून शिष्यवृत्तीपर्यंत

पुण्यातील शिष्यवृत्तीचे मूळ पेशवाईतील श्रावणी दक्षिणेत सापडते. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेले हे दान पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवले. वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांना ते मिळे. इतरांना त्यात वाटा नव्हता. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने हा खर्च एकदम तोडला नाही. 1821 मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा भार याच निधीवर पडला. निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी वापरावा, असा अर्ज लोकहितवादी आदींनी केला तेव्हा शास्त्रीमंडळी खवळली. तरीही 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. पुढे याच पैशातून महाविद्यालयीन दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले, त्यांत रा. गो. भांडारकर आणि म. गो. रानडे होते.

जातीची भिंत मात्र संस्थानिकांच्या मदतीने अधिक ठळकपणे ओलांडली गेली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना एल्फिन्स्टन कॉलेजसाठी दरमहा 25 रुपये दिले आणि 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात धाडले. बदल्यात बडोद्याच्या सेवेची अट होती. दलित विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सरकारी योजना 1944 मध्ये सुरू झाली.