डाव्या हाताची सुटका : डर्ट बाइकवरील स्वयंचलित क्लचचा इतिहास

१/
खडकाळ चढावर मोटारसायकलचे इंजिन मध्येच बंद पडले, तर स्वाराजवळ फारसे पर्याय उरत नाहीत. गाडी जागीच तोलून धरायची, नाहीतर तिच्यासह मागे घसरायचे. या बंद पडण्यामागे अनेकदा एका क्षणाची चूक असते : डाव्या हाताने क्लच किंचित उशिरा दाबला, किंवा किंचित लवकर सोडला. तो निर्णायक क्षण हाताकडून काढून यंत्राकडे सोपवण्याच्या साठाहून अधिक वर्षांच्या खटपटीचा हा इतिहास.

२/
प्रथम क्लचची गरज समजून घेतली पाहिजे. पेट्रोल इंजिन एका किमान वेगाखाली फिरू शकत नाही. त्याखाली गेले की ते बंद पडते. चाक मात्र कधी स्थिर असते, तर कधी अगदी संथ फिरत असते. या दोहोंमध्ये घसरत घसरत मेळ घालणाऱ्या चकत्यांचा संच म्हणजे क्लच. डांबरी रस्त्यावर त्याचे काम मुख्यतः निघताना, थांबताना आणि गिअर बदलताना पडते. दगडगोट्यांच्या वाटेवर मात्र स्वाराला पावलोपावली ‘हाफ क्लच’वर गाडी खेळवावी लागते, आणि तासाभरात पंजा भरून येतो.

३/
यावरील जुना उपाय म्हणजे अपकेंद्री क्लच. त्याचे तत्त्व गोफण फिरवणाऱ्या राखणदारालाही ठाऊक असते : फिरण्याचा वेग वाढला की दगड बाहेरच्या बाजूस ओढ घेतो. क्लचमध्ये दगडाच्या जागी धातूची वजने असतात. इंजिन मंद फिरत असताना स्प्रिंगा त्यांना आत रोखून धरतात. वेग वाढला की ती बाहेर सरकतात, पकड बसते आणि चाकाला शक्ती मिळते. महाराष्ट्राला हे तत्त्व परिचित आहे. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेली लुना याच प्रकारच्या क्लचवर धावत असे.

४/
या क्लचला जगभर नेणारी गाडी जपानची. सोइचिरो होंडा आणि त्यांचे भागीदार ताकेओ फुजिसावा यांनी १९५६ मध्ये युरोपचा दौरा केला आणि तेथील मोपेड व हलक्या दुचाकी पाहिल्या. परतल्यावर सर्वसामान्यांसाठी एका छोट्या, बळकट गाडीची आखणी सुरू झाली. ऑगस्ट १९५८ मध्ये ‘सुपर कब सी१००’ बाजारात आली. ४९ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, आणि डाव्या मुठीवर क्लचचा दांडा नाही!

५/
दांडा का नाही, याचे उत्तर जपानी गल्लीबोळांत सापडते. सोबा नावाच्या शेवयांचे वाडगे घरपोच देणारे पोरगे एका हातावर तबक तोलत जात असत. अशा पोराला उरलेल्या एका हाताने चालवता येईल अशी गाडी हवी, असा होंडांचा आग्रह असल्याचे सांगितले जाते. म्हणून गिअर पायाकडे गेला आणि त्याच पायाच्या दाबाने गिअर बदलताना क्लचही सुटू लागला. पुढे २०१७ पर्यंत या मालिकेच्या १० कोटी गाड्या तयार झाल्या.

६/
शहरासाठी घडवलेली ही गाडी रानात शिरली ती अमेरिकेत. होंडाने जून १९५९ मध्ये लॉस एंजेलिस येथे अमेरिकी शाखा उघडली. थोड्याच काळात आयडाहो राज्यातील बोइसी या तुलनेने लहान गावातून अनपेक्षित मागणी येऊ लागली. तेथील विक्रेते हर्ब उल यांनी कबच्या मागील चाकाला मोठे दंतचक्र आणि खाचदार टायर बसवले होते. त्यामुळे वेग घटला, पण चढ चढण्याचे बळ वाढले. शिकारी आणि डोंगरवाटांवर भटकणारे लोक ती गाडी घेऊन जात होते.

७/
कंपनीने हा बदल उचलून धरला. १९६१ मध्ये ‘ट्रेल ५०’ आली. तिच्या मागील चाकाला दोन दंतचक्रे होती : एक रस्त्यासाठी, एक रानासाठी. पुढे सीटी९० आणि सीटी११० या तिच्या थोरल्या बहिणी झाल्या. ऑस्ट्रेलियात सीटी११० वर बसून पोस्टमन घरोघरी टपाल वाटू लागले. पत्रपेटीपाशी शेकडो वेळा थांबायचे आणि निघायचे, तेही एक हात पत्रांत गुंतलेला असताना. सोबावाल्या पोराचीच ही गरज, फक्त खंड वेगळा.

८/
तरीही शर्यतीच्या जगाने या क्लचला बराच काळ दारात उभे केले नाही. कारण उघड होते. होंडाची झेड५० आणि यामाहाची पीडब्ल्यू५० या लहान मुलांच्या गाड्यांनाही स्वयंचलित क्लचच होता. साहजिकच तो म्हणजे शिकाऊ वयातील पांगुळगाडा, असा समज रूढ झाला. मूल मोठे झाले की त्याने ‘खऱ्या’ क्लचवर यायचे. डावा हात हे कसबी स्वाराचे ओळखपत्र ठरले.

९/
त्या समजाला आव्हान देणाऱ्यांत अमेरिकेची रोकॉन कंपनी होती. चार्ली फेन यांच्या कल्पनेतून आलेली दोन्ही चाकांना शक्ती देणारी ‘ट्रेल-ब्रेकर’ हे तिचे मूळ उत्पादन. १९७० च्या दशकात तिने ‘आरटी३४०’ ही गिअर न बदलता चालणारी डर्ट बाइक काढली. इंजिन बर्फावरील गाडीचे, सुरू करण्यासाठी ओढायची दोरी, आणि पट्टा व रुंदी बदलणाऱ्या पुल्यांची सॉल्सबरी पद्धतीची यंत्रणा. कॅलिफोर्नियाच्या सॉल्सबरी कंपनीने ही पद्धत १९३० च्या दशकातच स्कूटरवर वापरली होती. आजच्या गिअरलेस स्कूटरचे तत्त्वही हेच.

१०/
‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’ ही १९१३ पासूनची स्पर्धा. सहा दिवस रानावनातून वेळापत्रक पाळत गाडी चालवायची आणि दुरुस्तीही स्वाराने स्वतःच करायची. १९७३ मध्ये ती प्रथमच अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात भरली आणि तेथे रोकॉनच्या गाड्या उतरल्या. क्लच न दाबणाऱ्या स्वारांना जगातील सर्वांत खडतर कसोटीत पाहणे हा अनेकांसाठी नवा अनुभव होता.

११/
दुसरा प्रयत्न स्वीडनमध्ये झाला आणि त्यामागे सैन्य होते. स्वीडिश सैनिकाला हिवाळ्यात बर्फातून मोटारसायकल न्यावी लागे. तोल सांभाळण्यासाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना स्की जोडलेल्या असत आणि सैनिकाचे पाय त्या स्कींवर टेकलेले असत. मग गिअर बदलायचा कोणत्या पायाने? शिवाय सक्तीच्या सेवेवर आलेल्या तरुणांना प्रशिक्षणासाठी वेळही मर्यादित. हुस्कवार्ना कंपनीने यासाठी पूर्णतः स्वयंचलित गाडी विकसित केली.

१२/
हुस्कवार्नाची रचना बुद्धीला आव्हान देणारी होती. चार गिअर, आणि गिअर आपोआप बदलण्यासाठी अपकेंद्री क्लचांची मालिका. वेग वाढेल तसा एकेक क्लच पकड घेई आणि गाडी वरच्या गिअरवर जाई. तिच्या नागरी आवृत्त्या एन्ड्युरो स्पर्धांतही उतरल्या. सैन्यासाठीची आवृत्ती ‘एमसी २५८’ या नावाने ओळखली जाते.

१३/
पण या गाड्यांमध्ये एक गंभीर उणीव होती. थ्रॉटल मिटला की इंजिन आणि चाक यांचा संबंध सुटे. साध्या गाडीत उतारावर इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. घाट उतरणारा प्रत्येक वाहनचालक हे जाणतो. येथे तो आधार नाहीसा होई आणि सारा भार ब्रेकवर पडे. रोकॉनने पुढे-मागे डिस्क ब्रेक बसवले, तो काळ डर्ट बाइकवर ड्रम ब्रेकचा असतानाही. तरीही वजन, गुंतागुंत आणि उतारावरची ही भीती यांमुळे दोन्ही गाड्या मुख्य प्रवाहाबाहेरच राहिल्या.

१४/
पुढील वळण पुन्हा बोइसीतच आले. २००२ मध्ये अल यंगवर्थ यांनी तेथे ‘रेक्लूस’ कंपनी स्थापन केली. त्यांनी नवी गाडी बनवण्याचा खटाटोप केला नाही. नेहमीच्या डर्ट बाइकच्या क्लचमध्येच बसवता येईल असा संच त्यांनी तयार केला. त्यात धातूच्या गोळ्या उतरत्या खाचांत बसवलेल्या असत. इंजिनाचा वेग वाढला की गोळ्या बाहेरच्या कडेकडे सरकत आणि चकत्या एकमेकींवर दाबत. नंतरच्या रचनेत गोळ्यांऐवजी फुगणारी चकती आली.

१५/
या मार्गाने जुना तंटा बराचसा मिटला. गिअर स्वारच बदलतो. डावा दांडाही जागेवर राहतो आणि हवा तेव्हा दाबता येतो. इंजिन मात्र ब्रेक लावूनही बंद पडत नाही. वेग पुरेसा असेपर्यंत क्लच धरून राहतो, म्हणून उतारावर इंजिनाचा आधारही मिळतो. फेऱ्या अगदी कमी झाल्या की मात्र पकड सुटते. म्हणून अनुभवी स्वार उतार लागण्यापूर्वी थ्रॉटलला हलका स्पर्श देतात. दुसरी दक्षता उभ्या गाडीची. गिअरमध्ये शांत उभी असलेली गाडी न्यूट्रलमध्ये आहे असे वाटते, आणि कोणी सहज मूठ पिळली तर ती झेप घेते.

१६/
मग कसबाचे काय? हा वाद आजही चालू आहे. क्लच यंत्राकडे गेला की स्वाराचे अर्धे कौशल्य गेले, असे एक बाजू म्हणते. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की, वाट निवडणे, तोल राखणे आणि थ्रॉटल मोजून देणे हे सारे उरतेच. व्यावसायिक एन्ड्युरो स्पर्धकांनीही असे क्लच वापरले, तेव्हा ‘पांगुळगाडा’ हा शब्द मागे पडू लागला.

१७/
ज्यांच्यासाठी हा प्रश्न प्रतिष्ठेचा कधीच नव्हता, असेही स्वार आहेत. अपघातात डाव्या पंज्याचे बळ गेलेला, संधिवाताने बोटे आखडलेला, किंवा उजव्या पायाने ब्रेक दाबू न शकणारा. क्लचचे काम उरले नाही की डाव्या मुठीवर मागील ब्रेकचा दांडा बसवता येतो. अशा माणसासाठी मूठभर गोळ्यांनी किंवा एका चकतीने घडवलेला फरक म्हणजे डोंगरवाट पुन्हा खुली होणे.

१८/
आता विजेवरच्या डर्ट बाइक आल्या आहेत. विजेची मोटर शून्य वेगापासूनच ओढते. तिला बंद पडण्याची भीती नाही, म्हणून क्लचची गरजही नाही. काही वर्षांनी ‘हाफ क्लच’ हा शब्द नव्या स्वारांना समजावून सांगावा लागेल. तेव्हा सांगणाऱ्याने तबक तोलणारा सोबावाला, बोइसीचे शिकारी आणि स्कीवर पाय टेकवलेला स्वीडिश सैनिक यांचीही आठवण ठेवावी. या साऱ्यांना कौशल्य टाळायचे नव्हते. त्यांचे हातपाय दुसऱ्या कामात गुंतलेले होते.