गंजिफा : पानांचे मोल आणि खेळाचे मोल

इ. स. १५२७ च्या जून महिन्यात बाबराने आग्र्याहून सिंधमधील शाह हसन अर्घून याच्याकडे गंजिफांचा एक जोड भेट म्हणून रवाना केला. शाह हसनला ही पाने फार आवडत व त्याने ती मागितली होती, असे बाबराने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. पानिपतची पहिली लढाई होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष लोटले होते. नव्या राज्याची घडी बसवण्याच्या त्या धामधुमीत एका बादशहाला मित्राच्या खेळाची आठवण राहिली आणि त्या आठवणीमुळे हिंदुस्थानातील पत्त्यांच्या इतिहासाला एक निश्चित तारीख लाभली.

इराणातून आलेला हा खेळ मोगल दरबारात रुजला. त्याच्या प्रचलित रूपात आठ रंग व प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी एकूण ९६ पाने असत. पाने चौकोनी नसून बहुधा वाटोळी असत. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश ही त्या आठ रंगांची नावे. मुकुट, रुपेरी नाणे, तलवार, सेवक, वाद्य, सोनेरी नाणे, हुकूमनामा आणि मालाची गासडी अशी ही सारी चिन्हे पाहिली, म्हणजे एखाद्या राजवाड्यातील निरनिराळी खाती एका पेटीत भरून ठेवावी तसे वाटते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐने अकबरी’त बारा रंगांच्या १४४ पानांचे वर्णन केले आहे. त्यात अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी नावे येतात. म्हणजे परदेशी खेळाने तोवर येथील भाषा आत्मसात केली होती, हे उघड आहे.

महाराष्ट्रात हा खेळ आणखी एक पाऊल पुढे गेला. राजवाड्यातील खात्यांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले आणि दशावतारी गंजिफा तयार झाली. दहा रंग, प्रत्येक रंगाचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, असा हा १२० पानांचा जोड. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवे, परशुरामाच्या रंगावर परशू मोजून घ्यावयाचे. ज्या कोकणात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटके पाहत पोरे लहानाची मोठी होतात, तेथे ही चिन्हे कोणाला शिकवावी लागली नसतील.

या कलेचे महाराष्ट्रातील माहेर म्हणजे सावंतवाडी. तिसरे खेम सावंत १७५५ ते १८०३ या काळात तेथे राज्य करीत होते. तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांकडून त्यांच्या दरबारी या खेळाची वार्ता पोहोचली आणि महाराजांनी स्थानिक कारागिरांना ही पाने तयार करावयास लावली, असे परंपरा सांगते. चितारी मंडळी लाकडावरील लाखकामात आधीच निष्णात होती. चिंचोक्यांची खळ लावून जाड केलेला कागद वा कापड, त्यावर खडूचा लेप, मग घोटाई, मग रंग, मग बारीक कुंचल्याने काढलेली आकृती आणि शेवटी लाखेचा थर, असे ते काम असे. पानाची मागची बाजू मात्र सर्वत्र एकसारखी राखावी लागे, कारण पाठीवरून पान ओळखू आले तर खेळच संपला.

खेळाची रीत बाहेरून साधी, पण आतून कठीण होती. तीन खेळाडू बसत व प्रत्येकाला चाळीस पाने मिळत. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो आरंभ करी. रात्री मांडला तर तो मान कृष्णाच्या राजाला. हुकमाचा रंग नसे. निम्म्या रंगांत दश्शी मोठी व एक्का सर्वांत लहान. उरलेल्या निम्म्या रंगांत राजा-प्रधानांनंतर एक्काच मोठा व दश्शी सर्वांत लहान. कोणती पाने पडून गेली आणि उरलेल्यांत आता श्रेष्ठ कोणते, याचा हिशेब ज्याच्या डोक्यात पक्का, त्याचेच हात होत. अखेरीस ज्याच्यापुढे अधिक पाने जमत तो जिंकला.

या खेळाचा एक विशेष सहसा कोणी ध्यानात घेत नाही. गंजिफांचे दोन वर्ग असत, एक दरबारी कलम आणि दुसरा बाजार कलम. दरबारी पाने हस्तिदंताची, कासवाच्या पाठीची वा शिंपल्याची. बाजारी पाने कापडाची वा कागदाची. किमतीत महदंतर असले तरी डावात त्यांची सत्ता सारखीच असे. हस्तिदंतावरचा नृसिंह कापडावरच्या नृसिंहाहून एका चिन्हानेही मोठा नव्हता. शिवाय जोड पुरा असल्यावाचून खेळ होत नसे. १२० पैकी एक पान हरवले तरी डाव लंगडा पडे. एखादे पान एकट्याने दुर्मिळ व मोलाचे असावे, ही कल्पनाच त्या खेळात बसणारी नव्हती.

ती कल्पना दुसऱ्या मार्गाने जन्मास आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेतील सिगारेटचे कारखानदार पाकीट ताठ राहावे म्हणून त्यात जाड कागदाचा तुकडा घालीत. पुढे त्या तुकड्यावर खेळाडूंची, नटींची, योद्ध्यांची चित्रे छापली जाऊ लागली व ग्राहक चित्रमाला पुरी करण्यासाठी पुन्हा पुन्हा तेच पाकीट घेऊ लागले. चित्र हे खरेदीचे बक्षीस ठरले. या संग्रहाच्या ओढीला खेळाची जोड मिळावयास मात्र शंभर वर्षे जावी लागली. १९९३ साली रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणला. पहिल्या आवृत्तीत २९५ निरनिराळी पत्ते होती, पण ती एकत्र कोणालाच मिळत नसत. बंद पाकिटात पंधरा पाने. आत काय निघेल हे नशिबावर. काही पाने विपुल, काही विरळ. प्रत्येक खेळाडूने आपल्याजवळच्या पानांतून, आणि मित्रांशी अदलाबदल करून, स्वतःचा जोड स्वतःच जुळवावयाचा. १९९६ साली जपानात ‘पोकेमॉन’ची पानेही याच धर्तीवर निघाली आणि जगभरच्या मुलांच्या खिशांत जाऊन बसली.

येथे गंजिफांचा नियम अगदी उलटा झाला. जोड कधीच पुरा होत नाही, आणि एकट्या पानाला सत्ताही आहे व किंमतही आहे. ‘ब्लॅक लोटस’ नावाचे पहिल्या आवृत्तीतील एक पान २०२१ च्या जानेवारीत लिलावात पाच लक्ष डॉलरांहून अधिक किमतीस गेले. असे पान कोणी हातात धरून खेळत नाही. ते पारदर्शक पेटीत बंद असते.

परंतु ही पाने विकणाऱ्या कंपनीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. संग्राहकांच्या पेट्यांवर खेळ जगत नाही. तो जगतो आठवड्याच्या ठरल्या दिवशी समोरासमोर बसणाऱ्या माणसांवर. म्हणून तिने बक्षिसांची व्यवस्था खेळण्याशी जोडली. १९९६ साली न्यूयॉर्क येथे रोख पारितोषिकांची मोठी स्पर्धा भरली. २००१ पासून २०११ पर्यंत एक योजना चालली. तीत अधिकृत सामन्यांत भाग घेणाऱ्या नोंदणीकृत खेळाडूंना खास छापलेली पाने टपालाने घरपोच येत. कोणी जिंको वा हरो, खेळावयास येणे हेच त्या बक्षिसाचे मूळ कारण. यात व्यापार होता हे खरे; पण व्यापाऱ्याला जे कळले ते आपल्या राजेरजवाड्यांना सुचले नाही, हेही तितकेच खरे. त्यांनी आश्रय दिला तो चितारणाऱ्याला. खेळणारे सदैव असणारच, असे त्यांनी गृहीत धरले होते.

ते गृहीत चुकीचे ठरले. लंडनमध्ये टॉमस द ला रू याने १८३१ साली पत्ते छापण्याच्या सुधारित पद्धतीचे पेटंट मिळवले, आणि पुढे छापील बावन्न पानांचा जोड स्वस्त व सर्वत्र सुलभ झाला. चार रंग लक्षात ठेवणे दहा रंगांहून सोपे. हाती रंगवलेली १२० वाटोळी पाने त्यापुढे टिकणे अवघड होते. खेळाडू गेले, मागोमाग मागणी गेली आणि तिच्यामागून कारागीर गेले. १९७१ च्या सुमारास शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी सावंतवाडीत या कलेचा शोध घेतला, तेव्हा ती जाणणारा एक वृद्ध चितारी काय तो उरला होता. राजदांपत्य स्वतः त्याच्याकडून ही विद्या शिकले आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये ‘सावंतवाडी लॅकर वेअर्स’ ही कार्यशाळा उभी राहिली. २०१८ साली निधन होईपर्यंत सत्त्वशीलादेवींनी हे काम सोडले नाही. मुंबईत राहणारे जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभरच्या गंजिफा जमवून त्यांचा अभ्यास केला. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. या मंडळींचे ऋण मोठे आहे. ती नसती तर पानेही उरली नसती.

तरीही हे अर्धेच पुनरुज्जीवन आहे. हस्तकला कशी तगते याचे एक उदाहरण दूरच्या कावेरीकाठी पाहावयास मिळते. कुंभकोणम्‌जवळचे तिरुभुवनम् हे गाव एके काळी तंजावरच्या भोसल्यांच्या मराठी राज्यात मोडत होते. तेथे रेशमी साड्या विणल्या जातात, आणि त्या साडीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकनामुळे ती साडी जगली असे नव्हे. ती अजून लग्नात नेसली जाते, पोत आणि काठ पारखणारी गिऱ्हाइके अजून दुकानात येतात, म्हणून माग चालू आहेत. सावंतवाडीच्या गंजिफांचे गिऱ्हाईक निराळे आहे. तो पानांचे रंग वाखाणतो, सुरेख पेटी विकत घेतो आणि घरी जाऊन ती काचेच्या कपाटात ठेवतो. त्यातील मत्स्याचा प्रधान कोणत्या पानाला मारतो, हे त्याला ठाऊक नसते व ठाऊक करून घेण्याचे त्याला कारणही नसते.

याचा परिणाम कारागिरीवरही होतो. पाहावयाच्या पानाला पाठ एकसारखी असण्याची गरज नाही. फेसताना हातातून सरकावे इतके गुळगुळीत असण्याची गरज नाही. पुरे १२० असण्याचीही गरज नाही, भिंतीवर दहा राजे पुरतात. उपयोगातून आलेले नियम एकेक करून अनावश्यक ठरतात आणि पानाचे चित्र होते. चित्र सुंदर असेल, परंतु चितारीला आपले काम नीट उतरले की नाही हे सांगणारा खेळाडू त्याच्यासमोर नसतो.

ओडिशात पुरी व सोनपूरकडे गंजप्पा खेळणारी वडीलधारी माणसे अलीकडेपर्यंत आढळत आली आहेत. महाराष्ट्रातही हे अशक्य नाही. गंजिफांचे नियम लिहून ठेवलेले आहेत, आणि कापडावर चितारलेल्या जोडाने जे साधते ते साध्या पुठ्ठ्यावर छापलेल्या जोडानेही साधते, कारण बाजार कलमाचे पान दरबारी पानाइतकेच बलवान असते. सावंतवाडीच्या शाळांतून असे स्वस्त जोड पोहोचले, वर्षातून एकदा मोती तलावाच्या काठी सामने भरले आणि चितारलेला अस्सल जोड विजेत्याला बक्षीस म्हणून मिळाला, तर आश्रय आणि खेळ यांची तुटलेली गाठ पुन्हा बसेल. त्यासाठी मोठा निधी नको. १२० पाने, तीन माणसे आणि एक रिकामी दुपार एवढे हवे. आणि दिवसाची वेळ असल्यामुळे रामाचा राजा ज्याच्या हाती येईल त्याने आरंभ करावा.