कोअर डंप

मिरकरवाडा बंदरातल्या हिशेबाच्या संगणकाचा पडदा अचानक निळा झाला, की विंडोज बंद पडता पडता स्मृतीतला ऐवज डिस्कवर ओतते. हा ‘डंप’. जुने नाव ‘कोअर डंप’, आणि कोअर म्हणजे जुन्या संगणकांच्या स्मृतीतली फेराइटची चिमुकली चुंबकीय कडी. एका कडीत एक बिट. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या १९६० च्या ‘टिफ्रॅक’ संगणकाची स्मृतीही अशाच कड्यांची होती. कड्या कधीच गेल्या, नाव चिकटून राहिले. डंप म्हणजे ढीग ओतणे, ट्रॉलरची मासळी ओततात तसे. कोळंबी, बांगडा, म्हाकूल निवडायला मग माणसे बसतात. इथे डंप निवडणारा प्रोग्रॅम ‘विनडीबग’: उपकरण चालवणाऱ्या कोणत्या ड्रायव्हरपाशी यंत्रणा कोसळली ते तो सांगतो. मात्र स्मृती नासवणारा ड्रायव्हर दुसराच असू शकतो, आणि नाव येते भलत्याचेच.