स्वप्ना बॅनर्जी-गुहा : शहर नेमके कुणाचे?

स्वप्ना बॅनर्जी-गुहा या नागरी भूगोलाच्या अभ्यासक. मुंबई विद्यापीठात त्यांनी भूगोल शिकवला. त्यांनी संपादित केलेला शहरांच्या बदलावरचा ग्रंथ २०१० साली आला. त्याचा पाया म्हणजे डेव्हिड हार्वे यांचा विचार : गरिबांच्या ताब्यातली जमीन काढून घेऊन भांडवल वाढते.

गणपतीपुळ्यात बसून आपण याचा विचार का करायचा? रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्या-गोद्यांत राबली, चाळीत आणि झोपडपट्टीत राहिली. बाबासाहेबही परळच्या बीआयटी चाळीत राहिले होते.

१९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्र रहिवाशाला मोफत घर मिळते आणि बिल्डरला विक्रीसाठी जादा बांधकाम. पुढे मोफत घरासाठी १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा ही अट आली. ज्याच्याकडे कागद नाही, तो ज्या जमिनीवर घाम गाळला तिथूनच बाहेर फेकला जातो.

म्हणून आम्ही म्हणतो : घर ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. मुंबईतल्या आपल्या नातेवाइकांचे जुने रेशनकार्ड, वीजबिल, मतदारयादीतले नाव आजच तपासा. वस्तीच्या बैठकीत करारनामा वाचल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका. जय भीम!