आयुर्विमा महामंडळाची स्वायत्तता : कलम २१ आणि मुंदडा प्रकरण (१९५६-१९५८)

प्रस्तावना

१९ जानेवारी १९५६ रोजी केंद्र सरकारने अध्यादेशाद्वारे आयुर्विमा व्यवसायाचे व्यवस्थापन आपल्या हाती घेतले. त्या वेळी चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. पुढे संसदेने संमत केलेल्या अधिनियमानुसार १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. २४५ विमा कंपन्या व प्रॉव्हिडंट सोसायट्यांचा व्यवसाय त्याच्याकडे वर्ग झाला. प्रस्तुत लेखात या महामंडळाच्या अधिकारांची मर्यादा पहिल्याच कसोटीत कशी स्पष्ट झाली, याचा विचार केला आहे.

अधिनियमातील अधिकार

अधिनियमाने महामंडळास स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व दिले. मालमत्ता धारण करणे, दावा लावणे हे अधिकार त्यातूनच प्राप्त झाले. कलम ३० अन्वये आयुर्विमा व्यवसायाचा अनन्य अधिकार मिळाला. तो १९९९ च्या कायद्यापर्यंत टिकला. मात्र कलम २१ नुसार, सार्वजनिक हिताशी निगडित धोरणविषयक बाबींत केंद्र सरकारने लेखी दिलेल्या निर्देशांनुसार महामंडळाने चालावे, असे ठरले. 'लेखी' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. लेखी निर्देशामुळे हस्तक्षेपाची जबाबदारी सरकारवर निश्चित होते.

मुंदडा प्रकरण

जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांच्या भागांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविले. गुंतवणूक समितीचा सल्ला आधी घेतला गेला नाही आणि कलम २१ खालील लेखी निर्देशही नव्हता. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधी यांनी हा प्रश्न लोकसभेत मांडला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या आयोगाने मुंबईत उघड सुनावणी घेतली. सचिवांच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यांवर येते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. स्वायत्त महामंडळाच्या कारभारात सरकारने हस्तक्षेप करू नये, आणि करावयाचाच असल्यास लेखी निर्देश देण्याची जबाबदारी टाळू नये, हे तत्त्व आयोगाने मांडले.

निष्कर्ष

यावरून असे दिसून येते की, कायद्यात अधिकारांची तरतूद असणे हे स्वायत्ततेस पुरेसे नाही. तोंडी सूचना मानली गेली की मंडळाचा निर्णयाधिकार आणि सरकारचे उत्तरदायित्व ही दोन्ही एकाच वेळी लोप पावतात. जोखीम मात्र विमाधारकांच्या पैशावर येते.