उंबरठ्याआतली पहिली इयत्ता : कोकण किनारा आणि मराठी ख्रिस्ती मातांचे गृहशिक्षण

रत्नागिरी शहराच्या उत्तरेस गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर आरे-वारे हा जुळा किनारा लागतो आणि त्याच वाटेने पुढे गेल्यास मालगुंड येते, जेथे 1866 साली कवी केशवसुतांचा जन्म झाला. आज हा पट्टा पर्यटकांच्या परिचयाचा असला, तरी एकोणिसाव्या शतकात खाड्या, डोंगरउतार आणि पावसाळ्याचे चार महिने यांनी येथील वाड्या एकमेकींपासून तोडलेल्या असत, आणि अशा प्रदेशात लहान मुलाचे पहिले शिक्षण बव्हंशी घरातच होणे स्वाभाविक होते. या किनाऱ्याच्या आणि व्यापक महाराष्ट्राच्या इतिहासात ख्रिस्ती कुटुंबांतील मातांनी हे काम कोणत्या परिस्थितीत केले, याचा विचार केल्यास एक गोष्ट ठळकपणे दिसते : मुलाच्या अक्षरओळखीचे वर्ष हे पुष्कळदा आईच्याही शिकण्याचे वर्ष होते.

येथे गृहशिक्षण म्हणजे मुलाला शाळेत न घालता, अथवा शाळेत घालण्यापूर्वी, पालकांनी घरीच नियमाने दिलेले शिक्षण असा अर्थ अभिप्रेत आहे. अशा शिक्षणाची एक मौखिक परंपरा मराठी ख्रिस्ती समाजात छापील पुस्तके घरोघरी पोहोचण्यापूर्वीपासून होती. 1579 साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राचोल येथे छापले गेले, आणि ओवीबद्ध मराठीतील या ग्रंथामुळे बायबलमधील कथा ऐकण्या-म्हणण्यातून मनात ठसवण्याचे साधन निर्माण झाले. ज्या घरात कोणाला वाचता येत नव्हते, तेथेही ओवी पाठ असणारी स्त्री मुलाला कथा सांगू शकत होती. मात्र वाचन आणि लेखन शिकवण्यासाठी पाठांतर पुरेसे नव्हते, आणि प्रश्नाचे हे दुसरे अंग एकोणिसाव्या शतकात पुढे आले.

त्या काळचा रत्नागिरी जिल्हा बाणकोटपासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला होता. सिंधुदुर्ग त्यातून 1981 साली वेगळा झाला. या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बाणकोट येथे, 1823 साली डोनाल्ड मिचेल यांनी स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे काम सुरू केले आणि बाणकोट-हर्णै परिसरात मराठी शाळा निघाल्या. 1829 साली मिशनरी जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन यांनी मराठी शिकण्यासाठी काही महिने हर्णैस मुक्काम केला. त्यानंतर मुंबईत मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा उभ्या केल्या आणि 1835 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या कामात त्या गढून राहिल्या. पुढे 1873 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे ठाणे रत्नागिरीत स्थापन झाले. अशा मिशनरी कुटुंबांतील स्त्रियांपुढे स्वतःच्या मुलांचाही प्रश्न होता. हिंदुस्थानातील हवामान मुलांना मानवत नाही अशी समजूत असल्याने काही वर्षे आईने घरी शिकवावे आणि नंतर मुलांना समुद्रापार नातेवाइकांकडे पाठवावे, अशी रीत रूढ झाली. म्हणजे आईच्या हाती जो काळ होता तो मोजकाच होता, आणि त्यानंतर येणारा वियोग ठरलेला होता.

मराठी ख्रिस्ती मातांची स्थिती याहून वेगळी आणि अधिक अवघड होती. गावातील पंतोजींची शाळा, म्हणजे खाजगी शिक्षकाने ओसरीवर किंवा देवळात चालवलेला वर्ग, प्रामुख्याने मुलग्यांसाठी असे. तेथे धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, पाढे म्हणणे आणि मोडी लिपीत लिहिणे यांवर भर असे. मुलींना या शाळेचा दरवाजा सहसा बंद होता, त्यामुळे उद्याची आई निरक्षर राहत असे. एकत्र कुटुंबात ही उणीव काही अंशी भरून निघे, कारण आजीच्या कहाण्या, आत्या-काकूंची गाणी आणि वडीलधाऱ्यांचे पाठांतर मुलाच्या कानावर पडत असे. धर्मांतर केलेल्या कुटुंबावर बहिष्कार पडला की हा सारा आधार एकदम तुटे. घरात उरत ते नवरा, बायको आणि मुले, आणि जे शिक्षण पूर्वी दहा माणसांच्या सहवासातून मिळत असे, ते आता एकट्या आईवर येऊन पडे.

लेखिका लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवन या संक्रमणाचे सर्वांत विश्वसनीय चित्र देते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे 1861 साली जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह बालपणीच झाला, शाळेत जाण्याची संधी त्यांना मिळाली नाही, आणि वाचायला त्या शिकल्या त्या पतीकडून, संसाराच्या धबडग्यात. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा जलसंस्कार, घेतला तेव्हा त्यांचा मुलगा देवदत्त चार वर्षांच्या आसपास होता, आणि त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई त्याला घेऊन पतीपासून दूर, आपल्या नातेवाइकांत राहिल्या. 1900 साली त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. यानंतर अहमदनगरच्या त्यांच्या घरात आपली आणि परक्यांची मुले एकत्र वाढली, तरुण कवी बालकवी ठोंबरे यांनाही त्या घराने मायेने सांभाळले, आणि वाचन, कविता व प्रार्थना हे त्या घराचे रोजचे व्यवहार झाले. शाळा न पाहिलेल्या या स्त्रीने ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिले आणि 1919 मध्ये टिळकांच्या निधनानंतर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेले, तर देवदत्त टिळक स्वतः लेखक झाले. मुलाला घडवणाऱ्या घरात आईलाही शिकता आले तर काय साध्य होते, याचा याहून सबळ पुरावा मराठीत मिळणे कठीण आहे.

समाजसुधारक पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हाच प्रश्न अधिकाराच्या अंगाने उभा राहतो. रमाबाई (1858–1922) स्वतः घरी शिकलेल्या होत्या; अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी दिवसाच्या कामातून सवड मिळत नसल्याने मुलीला पहाटे उठवून पाठ दिले. 1887 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे आपले इंग्रजी पुस्तक रमाबाईंनी आईच्या स्मृतीला अर्पण केले, यावरून या शिकवणीचे मोल त्यांच्या लेखी किती होते ते कळते. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात असताना मनोरमेच्या धार्मिक शिक्षणावरून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा तीव्र मतभेद झाला. चर्चची ठरलेली शिकवण मुलीला जशीच्या तशी द्यावी, असा आग्रह एका बाजूला होता. तर आपल्या सदसद्विवेकबुद्धीला जे पटत नाही ते आपल्या मुलीच्या मनावर बिंबवले जाऊ नये, ही आई म्हणून रमाबाईंची भूमिका होती. हा पत्रव्यवहार पुढे अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या संग्रहात 1977 साली प्रसिद्ध झाला, आणि भारतीय ख्रिस्ती मातेने आपल्या मुलाच्या प्रारंभिक शिक्षणावरील हक्क इतक्या स्पष्टपणे मांडल्याचे ते एक महत्त्वाचे साधन आहे.

रमाबाईंनी हा विचार केवळ वादापुरता ठेवला नाही. 1886 ते 1888 या अमेरिकेतील काळात त्यांनी किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 पासून विकसित केलेल्या या पद्धतीत लाकडी चेंडू व ठोकळे, गाणी, खेळ आणि बागकाम यांतून लहान मुलाची निरीक्षणशक्ती जागी केली जाते, आणि घोकंपट्टीला तीत गौण स्थान असते. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत सुरू केलेल्या शारदा सदनात विधवा व निराधार स्त्रियांना शिक्षण मिळू लागले, आणि बालशिक्षणाची ही दृष्टी रमाबाईंच्या कार्यात उतरली. शिकवणारी स्त्री आधी स्वतः शिकलेली हवी, हे तत्त्व येथे संस्थेच्या रूपाने आकाराला आले.

याच सुमारास इतरत्रही घरी शिकवणाऱ्या आईला शिस्तबद्ध आधार देण्याचे प्रयत्न सुरू होते. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन यांचे गृहशिक्षणावरील पुस्तक 1886 साली आले आणि 1891 पासून त्यांच्या संस्थेने टपालाने अभ्यासक्रम पाठवण्यास प्रारंभ केला. बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट स्कूलने 1906 पासून असेच पाठ पुरवले, ज्यांचा लाभ दूरदेशी राहणाऱ्या मिशनरी कुटुंबांनाही झाला. मराठी मातेजवळ असा तयार अभ्यासक्रम नव्हता, तरी छपाईने तिला वेगळी साधने दिली होती : मराठी शुभवर्तमाने, 1842 साली अहमदनगरला सुरू झालेले नियतकालिक ‘ज्ञानोदय’, 1873 पासूनचे मुलांचे मासिक ‘बालबोधमेवा’ आणि मंडळीत, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती उपासक-समूहात, गायली जाणारी मराठी गीते. घरातील शिक्षण बाहेरच्या जगापासून तुटलेले नव्हते. छापखाना, मंडळी आणि शेजार यांच्यावर ते उभे होते.

आज परिस्थिती बदलली आहे. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला असून, नियमित शाळेबाहेर शिकणाऱ्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत परीक्षा देता येते. घरी शिकवणे ही आता बहुधा निवड असते, एके काळी ती गरज होती. तरीही इतिहासाचा निष्कर्ष कायम आहे : मुलाला घरी पहिले अक्षर शिकवणारी आई एकटी सोडली गेली, तर तो भार तिला पेलवत नाही, आणि तिच्या शिकण्याची सोय समाजाने केली, तर त्याचे फळ पुढच्या पिढीला मिळते. म्हणून कोकणातील आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांनी, तसेच स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी, घरोघरी पडून असलेल्या अशा मातांच्या वह्या, पत्रे आणि आठवणी जपाव्यात. शाळांच्या अहवालांइतकेच तेही मराठी शिक्षणाच्या इतिहासाचे अस्सल साधन आहे.