चपडीवर चढलेला रंग

आमच्या सागवानी कपाटाला तेलरंग कुणी दिला, हे सांगायला आता घरात कुणी उरलेले नाही. कोपऱ्यातला टवका उडाला तेव्हा खाली तांबूस झळाळी दिसली. स्पिरिटचा बोळा फिरवताच ती चिकट होऊन बोळ्याला लागली. म्हणजे चपडीचे पॉलिश! नाव फ्रेंच, माल मात्र आपल्या रानातला: पळस, बोर, कोशिंबाच्या फांद्यांवर किडे करतात ती लाख. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुमला १९२४ साली संस्था निघाली. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतही तीच असे.

पण या पॉलिशवर गरम कपबशी ठेवली की पांढरे वर्तुळ उमटते. तेलरंग ओल्या फडक्याने पुसता येतो. घरोघर रंगाचा डबा आला तो बहुधा यामुळेच. आमच्या रंगाऱ्याने जुनी चकाकी पॉलिशपेपरने मोडलीच नव्हती. त्या कामचुकारपणाचे उपकारच मानतो, कारण रंग पापुद्र्यांनी सुटतो.

वरचे दार मी सोलले. खालच्या दारावर, त्या रंगावरच, आईने पेन्सिलीने ओढलेल्या आम्हा भावंडांच्या उंचीच्या रेघा आहेत. तिथे फक्त मेणाचा हात दिला.